बावीस माणसं, दोन रस्से आणि वाघबीळची वळणं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डिसेंबरच्या शेवटी सासर-माहेर मिळून बावीस माणसं एका दिवसाच्या सहलीला निघणार आहात. त्यात चार म्हातारी माणसं आणि पाच लहान पोरं. जागा मसाई पठार, नाहीतर पन्हाळ्याच्या आसपास कुठंतरी. तिथंच चूल मांडून मटण करायचा बेत आहे. तर पातेली कुठली न्यायची, चूल बरी की गॅस, आइसबॉक्स विकत घ्यावा का, आणि हे सगळं एक ट्रॅव्हलर आणि एका कारमध्ये बसवायचं कसं?

माझा कोल्हापुरात भांडी आणि बिछायत भाड्यानं द्यायचा धंदा आहे, वडिलांच्या काळापासून. लग्न-बारशाचं काम बारमाही चालतं. पण ऊसतोड सुरू झाली, थंडी पडली की रस्सा मंडळं आणि सहलीवाले रांगेनं येतात. शनिवारी सामान जातं, रविवारी रात्री परत येतं. माणसं काय नेतात त्यापेक्षा काय परत येतं, कसल्या अवस्थेत येतं, त्यावरून मी जास्त शिकलो. बुडाला बोटभर काजळी घेऊन पातेलं आलं की कळतं, लाकडं ओली होती. पाचातली तीन पातेली नेली तशीच कोरी परत आली की कळतं, यादी जेवणाऱ्यानं केली होती, उचलणाऱ्यानं नव्हे.

म्हणून सहलीसाठी कुणी भांडी मागायला आलं की मी आधी एकच विचारतो. गाडी थांबणार तिथून बसणार तिथवर चालायचं किती? बहुतेकांना हे माहीतच नसतं. पन्नास पावलं असतील तर डेग न्या, खुर्च्या न्या, काय हवं ते न्या. दोन-तीनशे पावलं असतील तर दोन कानांचं भांडं दोघांनी धरून नेता येईल एवढंच. त्याच्यापुढं गेलं की एका हातात मावेल किंवा पाठीवर बसेल तेवढंच सामान, बाकी घरी. पठारावर गाडी कुठंवर जाते ते आधी एकानं जाऊन बघून या. दुचाकीवरून दोन तासांचं काम आहे, पण त्यानं निम्मी यादी आपोआप गळते.

आता चुलीचं स्पष्टच सांगतो. मसाई पठारावर चूल पेटवू नका. जांभ्याचं उघडं पठार ते, आडोसा नाही. पावसाळ्यात हिरवंगार असतं, पण डिसेंबरात गवत वाळून कडकडीत झालेलं असतं आणि वर वारा. एक ठिणगी पुरे, आणि विझवायला तुमच्याजवळ प्यायच्या पाण्याशिवाय थेंब नाही. पन्हाळ्यावरही तेच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात जे बारा किल्ले गेले, त्यात पन्हाळा आहे. तटाला लागून तीन दगड मांडायचे दिवस संपले, आणि बरंच झालं. शिवाय किल्ल्यांच्या कड्याकपारीला आग्या मोहोळ असतं. धूर तिकडं वळला की मग पातेलं कुणाचं आणि पोरं कुणाची, काही कळत नाही. ऐनवेळी राधानगरी-दाजीपूरकडं वळायचं मनात असेल तर ते अभयारण्य आहे, तिथं काडीसुद्धा ओढायची नाही.

चुलीची हौसच असेल तर पाहुण्यांपैकी कुणाचा मळा गाठा. पाचटापासून लांब, विहीर जवळ असलेली जागा बघा. तिथं माझं डेग खुशाल न्या, फक्त एक करा. चिकण माती आणि मूठभर राख पाण्यात कालवून सरबरीत करा आणि पातेल्याला बाहेरून, बुडापासून निम्म्या उंचीपर्यंत हातानं लेप द्या. वाळला की मगच चुलीवर चढवा. जेवणं झाल्यावर पाणी मारलं की काजळीसकट लेप खाली येतो. आमच्याकडं हे न करता आलेलं पातेलं घासायला एका बाईंचा अर्धा दिवस जातो, आणि त्याचे पैसे आम्ही लावतो, ते लोकांना जड वाटतात.

पण तुमच्यासोबत चार म्हातारी माणसं आहेत. पाच किलो मटण बाहेर शिजवायचं म्हणजे सरपण पेटण्यापासून भाकरी हातात पडेपर्यंत दुपारचे तीन वाजतात. तोवर साखरेच्या गोळ्या घेणारी माणसं काय करणार? माझं ऐकाल तर मटण पहाटे घरी शिजवा आणि तिकडं फक्त जेवा. मग तुमची सगळी यादीच बदलते. तुम्हाला शिजवायची भांडी लागत नाहीत, रस्सा न सांडता, न निवता पोचवायची भांडी लागतात. ती वेगळी.

कोल्हापूरच्या जेवणात नेमका इथंच घोळ आहे. पोळी-भाजीची सहल कुणीही नेईल. आपल्याला दोन रस्से न्यायचे असतात. माणशी तीनशे मिली धरला तर तांबडा साडेसहा लिटर आणि पांढरा तेवढाच. लोक सात लिटरचं पातेलं मागतात, घरात बसतं म्हणून. गाडीत नाही बसत. पन्हाळ्याच्या वाटेवर केर्ली सोडून वाघबीळची वळणं लागली की पातळ पदार्थ भांड्याचा राहत नाही. एकदा आमच्याच घरच्या सहलीत मी, हाच धंदा करणारा माणूस, घाईत तांबडा रस्सा काठोकाठ भरून नुसत्या ताटलीनं झाकून मागच्या सीटखाली ठेवला. दुसऱ्या वळणावर बायको म्हणाली, "पायाला काहीतरी गरम लागतंय." गाडी मेहुण्याची होती. दोनदा धुतली, तरी उन्हात लावली की महिनाभर खोबरं-लसणाचा वास यायचा. मेहुणा अजून पोचायच्या आत रस्शाचं विचारतो.

तर नियम असा: जेवढा रस्सा, त्याच्या दीडपट भांडं. साडेसहा लिटरला दहा लिटरचं. आणि त्यातल्या त्यात उत्तम भांडं आमच्या दुकानात नाही, गवळ्याकडं असतं. दुधाची किटली. तिचा गळा अरुंद असल्यामुळं रस्सा गळ्याखाली जेवढा हिंदकळेल तेवढा हिंदकळो, वर यायला वाट नसते. स्टीलची घ्या. जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, हलकी असते खरी, पण आंबट-खारट पदार्थ तीत चार-चार तास ठेवू नये. खांदा जिथं वळायला लागतो तिथवरच भरा. उकळता रस्सा ओतल्यावर झाकण लगेच घट्ट दाबू नका. पाच मिनिटं नुसतं वर टेकवून ठेवा. नाहीतर आतली वाफ निवताना झाकणाला आत ओढून धरते आणि तिथं बावीस माणसं ताटं घेऊन बसलेली असताना तुम्ही झाकणाशी कुस्ती खेळत असता. अडकलंच तर झाकणावर थोडं गरम पाणी सोडा, निघतं. आणि किटली नवी नसेल तर आदल्या दिवशी गरम पाणी आणि सोड्यानं धुऊन उघडी वाळवा, दुधाचा वास रस्शाला चटकन लागतो.

किटली मिळालीच नाही तर पातेल्याच्या झाकणाला कणकेची वळी लावून लिंपून घ्या. मग जुन्या धोतराच्या फडक्यात पातेलं मधोमध ठेवून समोरासमोरची टोकं झाकणावर ओढून गाठी मारा. गाठी म्हणजेच धरायच्या मुठी.

पांढरा रस्सा मात्र तयार करून नेऊच नका. नारळाचं दूध घातलेला रस्सा तासन्‌तास गरम राहिला की फुटतो, आणि कोमट राहिला तर त्याहून वाईट, आंबतो. आमच्याकडं करतात ते असं. अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, उकळतं थर्मासमध्ये न्यायचं. नारळाचं घट्ट दूध, त्यात वाटलेली खसखस, तीळ आणि काजू, वेगळ्या बरणीत बर्फात न्यायचं. जेवायच्या अर्धा तास आधी बरणी बर्फातून काढून ठेवायची. पानं मांडली की पातेल्यात आधी दूध आणि त्याच्यावर धारेनं गरम अळणी, एकीकडं ढवळत. मीठ शेवटी. पाच लिटर कडकडीत अळणी आणि दीड लिटर दूध एकत्र झालं की रस्सा पिण्याजोगा गरम असतो, परत तापवायची गरज नाही. म्हणजे बघा, गॅसही लागला नाही.

थर्मासबद्दल एक. पाच लिटरचा मोठा थर्मास भाड्यानं मिळतो, घेऊ नका असं नाही, पण भरायच्या आधी त्यात उकळतं पाणी घालून पाच मिनिटं ठेवा आणि ओतून द्या. थंड थर्मासमध्ये रस्सा ओतला तर त्याची पहिली उष्णता थर्मासच पितो. झाकणाचं रबर काढून बघा, चिरलेलं असेल तर तो थर्मास नुसता तांब्याच.

तांबडा आणि सुकं गरम ठेवायला मी विकतचं काही सांगत नाही. घरात वाकळ, म्हणजे गोधडी, असेलच. मोठ्या बुट्टीत किंवा प्लास्टिकच्या घमेल्यात तळाला बारदान, त्यावर किटली, भोवतीनं वर्तमानपत्राचे बोळे दाबून भरायचे आणि वरून वाकळ दुहेरी गुंडाळायची. सकाळी निघताना उकळता भरलेला रस्सा बाराला जीभ पोळेल असा निघतो. इथं एक आकडा लक्षात ठेवा. ५ अंशांच्या वर आणि ६० अंशांच्या खाली अन्न राहिलं की त्यात जंतू झपाट्यानं वाढतात. म्हणून एक तर उकळतं न्या, नाहीतर गारेगार. कोमट मटण दोन तासांपेक्षा जास्त राहिलं तर ते पोरांना देऊ नका, वास चांगला आला तरी. आणि कच्चं मटण गाडीत घालून नेण्याचा बेत असेल तर तो मुळापासून सोडा.

एवढं करूनही कुणी गॅस न्यायचाच म्हणालं तर घरचं सिलिंडर उचलू नका. १४.२ किलो गॅस आणि वर लोखंड, भरलेलं जवळजवळ तीस किलो होतं. पाच किलोचं छोटं आणा. उभं, दोरीनं बांधलेलं, रेग्युलेटर काढून टोपण लावलेलं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर उडून जात नाही, गाडीच्या तळाशी साठतो. म्हणून पोचल्यावर सगळ्यात आधी सिलिंडर उतरवायचं, आणि जोडल्यावर साबणाचा फेस लावून बघायचं. वाऱ्याला आडोसा म्हणून पत्रा लावाल तो शेगडीला लावा, सिलिंडरला गुंडाळू नका. मी तर ट्रॅव्हलरमध्ये पोरं असताना नेत नाही.

भांड्यांच्या धातूचा एक मुद्दा, कारण दरवर्षी कुणीतरी आजीची पितळेची पातेली हौसेनं काढतं. दिसायला सुरेख. पण आत कल्हई आहे का बघा. पांढरट चकाकी जाऊन पिवळं दिसायला लागलं असेल तर त्यात दही, ताक, टोमॅटो घालायचं नाही, कळकतं, आणि कळकलेलं खाऊन पोट बिघडतं. आजीची आठवण म्हणून न्यायचाच तर फिरकीचा तांब्या न्या पाण्याला. धक्क्यानं न सांडणारं भांडं आपल्याकडं प्लास्टिकच्या बाटलीच्या कितीतरी आधीपासून होतं.

ताटं-वाट्यांत सगळे एकच चूक करतात. बावीस माणसं म्हणून बावीस ताटं, बावीस वाट्या. अहो, रस्से दोन आहेत! वाट्या चव्वेचाळीस, आणि चार जास्तीच्या, कारण पोरं एक वाटी मातीत खेळायला नेतातच. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे; पत्रावळी चांगल्या, पण द्रोणात तांबडा रस्सा टिकत नाही, तळातून झिरपून मांडीवर येतो. स्टील भाड्यानं घ्या. वजन होतं, मान्य, पण ताटं एकावर एक बसतात, मध्ये कागद घातला की वाजत नाहीत.

भाकरीची गोष्ट दोन ओळींत. गरम भाकरी स्टीलच्या डब्यात कोंबली की तिला घाम सुटतो आणि दुपारी लगदा निघतो. थापून झाली की उभ्या करून निववा, मग सुती फडक्यात गुंडाळून बुट्टीत. माणशी दोन धरून पंचेचाळीस-पन्नास करा, वर पोरांसाठी दशम्या. खर्डा काचेच्या बाटलीत.

आइसबॉक्स विकत घेऊ नका. एका दिवसाच्या सहलीला तुम्हाला गार काय लागणार? नारळाचं दूध, ताक, लहान पोराचं दूध. दोन लिटरच्या बाटल्या आदल्या रात्री फ्रीजरमध्ये टाका, वर चार बोटं जागा सोडून, कारण पाणी गोठताना फुगतं. मोठ्या डब्यात खाली बरणी, वर त्या बाटल्या. गारवा वरून खाली उतरतो. भोवती जुनी चादर. दुपारी त्याच बाटल्यांतलं गार पाणी प्यायला. चुऱ्याचा बर्फ घेऊ नका, पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत त्याचं पाणी होतं. अखंड गोठलेली बाटली संध्याकाळपर्यंत दम धरते.

पाणी माणशी तीन लिटर, म्हणजे सहासष्ट. वीस लिटरचे तीन जार आणि गोठवलेल्या बाटल्या मिळून भागतं. चौथा जार नळाचा, हात धुवायला, वेगळा; त्याला लाल फडकं बांधा. ते बांधलं नाही तर पहिल्या तासात पोरं प्यायच्या पाण्यानं पाय धुतात. प्रत्येक जार वीस किलोचा, तेव्हा मघाचा पावलांचा हिशेब इथं पुन्हा लावा.

बसायला सतरंजी नको. वाळक्या गवताची कुसळं सतरंजीत घुसली की उन्हाळ्यापर्यंत टोचतात. शेतावरचं तळवट उत्तम, नाहीतर जाड ताडपत्री. एका माणसाला ताटासकट आठ-नऊ चौरस फूट लागतात; बावीस जणांना बारा बाय अठराची पुरते. चार कोपऱ्यांवर चार जार ठेवले की वाऱ्याला उडत नाही. म्हाताऱ्यांसाठी मात्र चार प्लास्टिकच्या खुर्च्या न्याच. खाली बसता येतं म्हणतात, उठता येत नाही हे सांगत नाहीत. पठारावर सावली नाही, म्हणून छत्र्या, थंडी असली तरी.

आता भरणं. जे शेवटी लागणार ते आधी आत जातं, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी रविवारी सकाळी उलटंच होतं, कारण जे आधी तयार असतं ते आधी गाडीत जातं. तळवट दाराशी पडलेलं असतं म्हणून तेच तळाला जातं, मग पोचल्यावर ते काढायला सगळं सामान मातीत उतरवावं लागतं. म्हणून शनिवारी रात्री सामान गाडीत भरायच्या क्रमानं पडवीत मांडून ठेवा. ताटं-वाट्या सगळ्यात आत. मग जार. किटली आणि थर्मास मधल्या सीटच्या पायथ्याशी, चाकांच्या मधल्या भागात, तिथं गाडी सगळ्यात कमी हलते, डिकीत नाही. भाकरीची बुट्टी कुणाच्या तरी मांडीवर. तळवट, खुर्च्या, एक जार, चहाचा थर्मास आणि चिरमुऱ्यांचा डबा कारमध्ये, आणि कार पुढं. ट्रॅव्हलर पोचेपर्यंत म्हातारी माणसं बसलेली आणि चहा हातात.

आणि एक कापडी पिशवी, जी कारच्या पुढच्या सीटवर बसणाऱ्याच्या हातात. परत येणाऱ्या सामानाबरोबर कुणी ना कुणी हसत सांगतं ना, "पळीच विसरलो, पेल्यानं वाढलं," ते याच पिशवीतलं. दोन पळ्या, भाताचा हात, सुरी, सांडशी, काडेपेटी, मीठ, सुतळीचा गुंडा, कात्री, जुने कागद, हळद आणि चिकटपट्टी, म्हाताऱ्यांच्या दुपारच्या गोळ्या, साखर-मिठाची पुडी. उलटी-जुलाब झाले तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे आणि सपाट. काही चावलं आणि साप वाटला तर चिरायचं नाही, बांधायचं नाही, १०८ ला फोन आणि थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय.

निघायची वेळ सातची ठेवा. डिसेंबरात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, ट्रॅक्टरच्या मागं अडकलात तर वाकळेलाही मर्यादा आहे.

जेवणं झाली की भांडी तिथं धुऊ नका, ना झऱ्यावर ना तळ्यात. कागदानं पुसून दोन पोती करा, एक उष्ट्या भांड्यांचं, एक कचऱ्याचं, दोन्ही घरी. आम्ही उष्टी भांडी घेतो, कुरकुरतो पण घेतो. मोजणी मात्र तिथंच करा, अंधार पडायच्या आत. अठ्ठेचाळीसच्या सत्तेचाळीस वाट्या भरल्या तर आधी वाकळ झटकून बघा. आमच्या दुकानात परत आलेल्या निम्म्या हरवलेल्या वाट्या दुसऱ्या दिवशी कुणाच्यातरी वाकळेच्या घडीत सापडलेल्या आहेत.